समन्स, फिर्याद आणि चोरी : बेल्लमपल्लीकडच्या कोर्टातले शब्द

बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींचं गाव, काझीपेठ-बल्लारशाह रेल्वेवरचं. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात. इथल्या मराठी घरांत कोर्टकचेरीचा विषय निघाला की एकाच वाक्यात तीन काळ बोलतात : ‘चोरीची फिर्याद दिली, पोलीस आले, आता समन्स निघंल.’ ‘चोरी’ घरची, ‘फिर्याद’ फारसीतून आलेली, ‘पोलीस’ आणि ‘समन्स’ इंग्रजीतले.

कायद्याची इंग्रजी इंग्रजांनी सगळीकडं एकदमच आणली असं आपण धरून चालतो. मुंबई-पुण्याकडं इंडियन पीनल कोड १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं, हे खरं. पण आमचा भाग निजामाचा. इथं १८८४ च्या सुमारास फारसी मागं पडून उर्दू ही कारभाराची आणि अदालतीची भाषा झाली. इंडियन पीनल कोड इथं आलं ते पोलीस अ‍ॅक्शननंतर, १९५१ साली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांचा फरक. मुद्दई, मुलजिम, जमानत हे शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी टिकले ते त्यामुळं. शेजारच्या तेलुगूतही फिर्यादु, वकीलु, खैदी हेच चालतात, त्यामुळं पोलीस ठाण्यात मराठी माणूस अगदीच अडत नाही.

गंमत अशी, की खुद्द इंग्रजीचीही हीच कथा आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि तिथल्या न्यायालयांत फ्रेंच बसली. कोर्टात बाजू इंग्रजीत मांडावी असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. म्हणून कोर्ट, जज्ज, प्रिझन, क्राइम, वॉरंट हे सगळे शब्द फ्रेंचच्या वाटेनं आलेले. ‘थीफ’ आणि ‘थेफ्ट’ मात्र जुन्या घरच्या इंग्रजीतले. आपल्याकडंही अधिकारी, कागद आणि शिक्षा यांची नावं राज्यकर्त्यांच्या भाषेतली : फौजदार, कैद, वॉरंट. चोर, चोरी, साक्ष हे शब्द आपलेच. नियम अगदी पक्का नाही. ‘खून’ फारसी आहे, आणि त्या भाषेत त्याचा साधा अर्थ ‘रक्त’.

काही शब्द उलट दिशेनंही गेले. १८६० च्या कोडात कलम ३९१ ‘डकायटी’चं, म्हणजे आपल्या डाक्याचं, आणि कलम ३१० ‘ठगा’चं. पंचनामा आणि वकालतनामा तर आजही इंग्रजी निकालपत्रात तसेच्या तसे लिहितात.

ही केवळ शब्दांची हौस नाही. समन्स आलं तरी ‘वॉरंट आलं’ म्हणून घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत. समन्स म्हणजे अमुक तारखेला हजर राहा असं कोर्टाचं बोलावणं. ते साक्षीदारालाही येतं, त्यात अटक नसते. वॉरंट म्हणजे पकडून आणा असा पोलिसांना दिलेला लेखी हुकूम. समन्सला भिऊन गाव सोडलं आणि तारीख चुकवली, तर वॉरंट निघू शकतं. म्हणजे ज्याला भ्यायचं तेच दारात.

तसंच ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांचं. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. गुन्हा कोर्टात शाबीत होईपर्यंत त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. खटला चालू असताना तुरुंगात असलेल्याला आपल्याकडं ‘कच्चा कैदी’ म्हणतात. त्यातल्या ‘कच्चा’नं हा भेद बरोबर धरलाय. ‘जामीन’ हा शब्द मुळात हमी घेणाऱ्या माणसाचा. आपण तो सुटकेलाही वापरतो. म्हणून कुणी ‘जामीन राहा’ म्हणालं तर समजून घ्यावं : सुटका त्याची, जबाबदारी आपली.

वाचकहो, तुमच्या घरी निजामाच्या वेळचे कोर्टाचे कागद असतील तर रद्दीत देऊ नका. आधी त्यातले शब्द उतरवून घ्या.