नायक कामाला कुठे जातो?

सिनेमा असो, नाटक असो की मालिका, मी आधी नायकाची नोकरी शोधते. हा माणूस सकाळी कुठे जातो, दिवसभर काय करतो, त्याचा साहेब कोण, महिनाअखेरीला पगार पुरतो का, एवढं कळलं की पुढच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मी तयार असते. ते कळलं नाही तर गाणी कितीही गोड असोत, माझं मन त्या घरात रमत नाही. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर उमेदीची वर्षं काढल्याचाही हा परिणाम असेल. घरातून निघणं आणि थकून परत येणं यांच्यामध्येच बहुतेकांचा दिवस संपतो. आपल्या लोकप्रिय करमणुकीने नेमका हा मधला भाग फार वेळा गाळला आहे. ज्यांनी तो गाळला नाही ते सिनेमे माझे सर्वांत आवडते, आणि ते इतके खरे का उतरले याचा मी बराच विचार केला आहे.

माझ्या यादीत पहिलं नाव बासू चॅटर्जींचं. सिनेमात येण्याआधी ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढत होते. बसच्या रांगेतली, लिफ्टमधली, हॉटेलच्या टेबलावरची माणसं टिपायची नजर त्यांना तिथेच मिळाली असावी. १९७६ च्या ‘छोटी सी बात’मध्ये प्रेम सुरू होतं ते बेस्टच्या बसस्टॉपवर. अरुण रोज प्रभाच्या मागे रांगेत उभा राहतो, तिच्या ऑफिसपर्यंत जातो आणि तोंडातून शब्द न काढता परत फिरतो. स्वतःच्या ऑफिसातही त्याला फारसं कुणी जुमानत नाही. मग स्कूटरवाला नागेश येतो आणि रांगेतल्या माणसाला स्कूटरवाल्यापुढे किती कमीपणा वाटतो ते असरानी एका हसण्यात दाखवून देतात. मोठा खलनायक आणायची गरजच पडत नाही. पगारदार माणसाच्या आयुष्यात एक स्कूटर पुरते.

या सिनेमांतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांतल्या नायिका नोकरी करतात आणि त्याचा कुणी गाजावाजा करत नाही. ‘छोटी सी बात’मधली प्रभा ऑफिसात जाते. ‘रजनीगंधा’तली दीपा मुलाखतीसाठी दिल्लीहून मुंबईला येते. ‘बातों बातों में’मधली नॅन्सी लोकलने कामावर जाते आणि तिची प्रेमकथा त्याच डब्यात सुरू होते. भीमसेन यांच्या ‘घरोंदा’त छाया आणि सुदीप एकाच ऑफिसात आहेत. दोघांचे पगार जोडूनही मुंबईत घर होत नाही, आणि पैसे भरलेला बिल्डर पळून जातो. १९७७ चा तो सिनेमा आज पाहिला तरी त्यातला हिशेब जुना वाटत नाही. पुढच्या काळातल्या कित्येक चकचकीत सिनेमांत नायिका कॉलेजातून थेट मांडवात गेली. माझ्या पिढीच्या बायका मात्र तोवर सात बत्तीसची लोकल पकडून घराबाहेर पडलेल्या होत्या.

या सिनेमांचा चेहरा अमोल पालेकर. ते पूर्वी बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, आणि फाईल काखेत धरायची त्यांची लकब बघितली की याने मस्टरवर सही केलेली आहे हे लगेच कळतं. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर अशी माणसं ओळीने सापडतात. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, जब्बार पटेल दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवणारे. पाच-साडेपाचला काम सुटलं की ही मंडळी तालमीला जायची. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, बँकांच्या आपसातल्या एकांकिका स्पर्धा या सगळ्यांत नोकरदारांचा राबता होता. साहेबापुढे उभं राहिल्यावर आवाज कसा खाली येतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, ते त्यांनी त्याच दिवशी दुपारी अनुभवलेलं असायचं.

‘सिंहासन’ मला याच कारणासाठी आवडतो. अरुण साधू स्वतः पत्रकार. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी सिनेमा केला. लोक त्यातल्या राजकारणाबद्दल बोलतात. माझं लक्ष मात्र दिगू टिपणीसवर असतं. बातमी मिळवायला दिवसभर वणवण करणारा, सगळं कळूनही काही छापता न येणारा हा वार्ताहर निळू फुल्यांनी असा केलाय की सत्तेच्या त्या सगळ्या खेळात थकवा फक्त त्याच्याच चेहऱ्यावर दिसतो.

पण मला कुणी एकच मराठी सिनेमा निवडायला सांगितला तर मी ‘उंबरठा’ म्हणेन. १९८२ चा हा सिनेमा शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला. दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन खाऊनपिऊन सुखी घरातली, शिकलेली, एका लहान मुलीची आई. तिला महिला सुधारगृहाच्या अधीक्षिकेची नोकरी मिळते आणि ती घर सोडून परगावी जाते. या सिनेमाची चर्चा ‘तिने घर सोडलं’ याचीच जास्त झाली. मला सांगायचंय ते ती तिथे जाऊन काय काम करते त्याबद्दल. ती कारभार हाती घेते. वर्षानुवर्षं मुरलेली ढिलाई तिला दिसते, व्यवस्थापन समितीची प्रतिष्ठित मंडळी बैठकीला येतात, चहा पितात आणि तिच्या प्रत्येक सूचनेला नियम दाखवतात. आश्रमातल्या बायकांना तिचा राग येतो, हळूहळू विश्वासही वाटतो, आणि वरच्यांना तिची अडचण होऊ लागते. जबाबदारी सगळी आपली आणि अधिकार मात्र दुसऱ्याचा, ही नोकरीतली सर्वांत जुनी कोंडी इतक्या बारकाईने मराठीत दुसऱ्या कुणी मांडल्याचं मला आठवत नाही. राजीनामा देऊन ती घरी येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. गिरीश कार्नाडांचा तो नवरा हे शांतपणे सांगतो. सुलभा पुन्हा निघते. बदलीच्या गावी एकट्या राहून नोकरी केलेल्या माझ्या ओळखीच्या बायकांना या सिनेमाबद्दल विचारलं की त्या नवऱ्याबद्दल कमी आणि समितीबद्दल जास्त बोलतात.

दूरदर्शनवर १९८८ मध्ये ‘वागळे की दुनिया’ आली. पात्रं आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे हा सेल्समधला कारकून आणि त्याची बायको राधिका म्हणजे भारती आचरेकर. ऑफिसातला त्रास घरी कसा येतो आणि पोह्यांच्या बशीसमोर कसा विरघळतो हे त्या मालिकेने छान दाखवलं. तिच्यातून मला थेट ‘द लंचबॉक्स’ आठवतो, कारण २०१३ च्या या सिनेमात नायिकेच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंचा आवाज भारती आचरेकरांचाच आहे. काकू अखेरपर्यंत दिसत नाहीत, नुसत्या खिडकीतून मसाला किती घालायचा ते सांगतात.

रितेश बत्रांच्या या सिनेमाचं कौतुक झालं ते डब्याच्या चुकामुकीसाठी आणि चिठ्ठ्यांसाठी. डबेवाल्यांच्या हातून एक डबा भलत्या टेबलावर जातो, तिथून पुढे सगळं घडतं. मी तो पाहते ते डबा ज्याच्या टेबलावर जातो त्या साजन फर्नांडिसच्या ऑफिसासाठी. तो क्लेम विभागात आहे, म्हणजे माझाच शेजारी. पस्तीस वर्षं नोकरी करून तो निवृत्ती घेणार आहे आणि त्याच्या जागी आलेल्या शेखला काम शिकवायचं आहे. साजन त्याला टाळतो, उद्या ये म्हणतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला टेबल सोपवणं किती जड असतं, ते इरफान खान यांनी फक्त मान वर न करता दाखवलंय. शेख लोकलमध्ये मांडीवर भाजी चिरत घरी जातो. त्याच्या हिशेबात चुका निघतात तेव्हा साजन साहेबापुढे त्या स्वतःच्या अंगावर घेतो. आमच्या विभागात असं करणारे एक वरिष्ठ होते. त्यांच्या निरोप समारंभाला लोक रडले ते उगाच नाही.

‘डोंबिवली फास्ट’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. निशिकांत कामत यांचा २००५ चा सिनेमा, संदीप कुलकर्णी यांनी केलेला बँक कर्मचारी माधव आपटे. माधव बॅट हातात घेऊन शहरावर तुटून पडतो तो भाग गाजला. मला त्याआधीचा भाग जास्त भिडतो. उठणं, आवरणं, स्टेशन, गर्दी, बँक, परत गर्दी, घर, आणि पुन्हा तेच, आणि पुन्हा. त्या दृश्यांची लय इतकी नेमकी आहे की माणूस कशाने फुटतो हे समजायला पुढचं काही पाहायची मला गरज वाटत नाही.

इथवर मी म्हणत आले की ज्यांनी नोकरी केली त्यांनाच ती दाखवता आली. ‘कोर्ट’ पाहिल्यापासून एवढंच म्हणून भागत नाही. चैतन्य ताम्हाणे यांनी हा सिनेमा केला तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते, वकिली त्यांनी कधी केली नव्हती. तरी २०१४ च्या या सिनेमाइतकं बारीक काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असतो की त्याच्या गाण्यामुळे एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील नूतन कलमं सलग, एका सुरात वाचत जाते, जशी आपण एखादी जुनी नोट मोठ्याने वाचतो. मग कॅमेरा तिच्याबरोबर कोर्टाबाहेर पडतो. लोकलमध्ये साडीवरून गप्पा, मुलाला आणणं, स्वयंपाक, जेवणं. ती दुष्ट नाही, तिला घरी जायचं आहे. आणि तिच्या या साध्या घाईवर एका म्हाताऱ्याचा जामीन अवलंबून आहे.

त्यातच मृत कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा कसा काम करायचा ते ती सांगते. मॅनहोलचं झाकण उघडलं की तो आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. साधनं काही नव्हती. वासामुळे उतरण्याआधी दारू प्यावी लागायची. गॅसने एक डोळा गेला होता. ती हे रडून सांगत नाही, विचारलं तेवढंच सांगते. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा आहे, आणि त्यानंतरही मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या आहेत. त्या खड्याची आणि झुरळांची गोष्ट ऐकल्यापासून रस्त्यात उघडं झाकण दिसलं की मी थांबते. ताम्हाणे तिथे पोचले ते चिकाटीने पाहून, ऐकून. म्हणजे दुसराही रस्ता आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ त्याच रस्त्याने आलेला. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळाला. दोन मल्याळी परिचारिका आणि छाया कदम यांनी साकारलेली पार्वती, त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी. मुंबईत इतकी वर्षं राबूनही राहत्या जागेचा कागद तिच्या हाती नाही, आणि बिल्डर पुढे आल्यावर ती कोकणात परतते. ‘घरोंदा’नंतर इतक्या वर्षांनी तोच बिल्डर! नंदिता दास यांचा ‘ज्विगाटो’ भुवनेश्वरचा. कपिल शर्मा यांचा मानस कारखान्यातली नोकरी जाऊन डिलिव्हरी करायला लागतो, आणि त्याचा साहेब आता मोबाइलमधला एक आकडा आहे. ओरडायला, विनवायला समोर माणूसच नाही, हा नोकरीतला फार मोठा बदल त्या सिनेमाने ओळखला.

आणि मराठी मालिका? तिथे नायक ‘कंपनी’त जातो. कंपनी काय बनवते हे पाचशे भागांत कळत नाही. तो काचेच्या केबिनमध्ये एका फाईलवर सही करतो आणि घरच्या भांडणासाठी दुपारीच परततो. ज्या राज्यात आयटीवाली हिंजवडी आहे, कारखान्यांचं चाकण आहे, तिथे हे चालतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल, कामाविना ‘बेंच’वर बसवलेल्याची धाकधूक, कंत्राटी कामगाराचं दर काही महिन्यांनी होणारं नोकरीतल्या ब्रेकचं नाटक, नाईट शिफ्टनंतर कंपनीच्या बसमध्ये झोपलेल्या मुली, यातलं किती आपल्या पडद्यावर आलं?

लिहिणारी मुलं हुशार नाहीत असं मला अजिबात वाटत नाही. कॉलेजच्या एकांकिका मी दरवर्षी पाहते आणि थक्क होते. पण कॉलेज संपून ती नोकरीला लागली की तालमीला येणं थांबतं, कारण पालेकर-सराफांना मिळाली तशी साडेपाचनंतरची संध्याकाळ त्यांना मिळत नाही. हिंजवडीच्या कंपन्यांत उत्तम सभागृहं आहेत, वर्षातून एकदा तिथे गॅदरिंगची गाणी होतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद करून तिथे तालमी होऊ द्याव्यात, अशी माझी या कंपन्यांकडे मागणी आहे. त्यातून जी पहिली एकांकिका उभी राहील ती पाहायला मी मुंबईहून पुण्याला येईन, आणि आमच्या क्लेम विभागातल्या सगळ्यांना बरोबर आणीन.