आतला स्फोट आतच जिरवणारा कॅमेरा

टोल्युइनसारखं द्रावक पिंपात भरताना त्याची वाफ हवेत मिसळते. ती पेटायला बारीकशी ठिणगी पुरते आणि साध्या सीसीटीव्हीतली एक सैल वायर तेवढी ठिणगी सहज पाडते. म्हणून अशा ठिकाणी फ्लेमप्रूफ पेटीतला कॅमेरा लावतात.

ही पेटी हवाबंद असते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात वायू आत शिरेल, पेटेलही, हे धरूनच ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची ही दणकट पेटी घडवतात. आतला स्फोट तिनं सोसायचा. झाकणाच्या सांध्यात मिलिमीटरच्या अंशाएवढी फट असते; त्या लांबट, अरुंद वाटेनं बाहेर पडताना तापलेले वायू इतके निवतात की बाहेरची वाफ पेटत नाही. सगळी भिस्त या सांध्यावर. त्यावर खोल ओरखडा पडला किंवा एखादा बोल्ट लावायचा राहिला, की महागडा कॅमेरा असून नसल्यासारखा. केबल पेटीत शिरते तिथलं पकडणारं ग्लँडही त्याच दर्जाचं हवं. तिथे केलेली काटकसर मला अक्षम्य वाटते.

खरेदीआधी पेटीवरची पाटी नीट वाचावी. हायड्रोजन असेल तिथे ‘आयआयसी’ किंवा ‘आयआयबी + एच२’ हा वायुगट हवा. ‘टी ६’ म्हणजे पृष्ठभाग ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यताही तपासावी. टाकीच्या आत, जिथे वाफ कायमच असते, तिथे मात्र अशी पेटी चालत नाही. आणि झाकण उघडायचं, तर आधी वीजपुरवठा तोडायचा.