मदरबोर्ड असा असता तर...

आपल्या अंकात कथा, कविता, पुस्तक परिचय नेहमीच येतात. या वेळी मी जरा वेगळा विषय घेतलाय. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. पण सांबऱ्यात घरचे, शेजारपाजारचे जुने कॉम्प्युटर उघडून साफ करायचा मला नाद आहे. आतला मदरबोर्ड बघताना "हे असं का केलंय? तसं का नाही?" असे प्रश्न पडतात. काही प्रश्नांची उत्तरं सापडली, काही सूचना अजून डोक्यात आहेत. त्या इथे मांडते.

मदरबोर्ड म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांना जोडणारी पाटी. बाकी सगळं बदलता येतं, पण ही पाटी गेली की दुकानदार म्हणतो, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या की." जुन्या प्रोसेसरला चालणारा बोर्ड बाजारात मिळत नाही, म्हणून प्रोसेसर बदला, मग रॅमही बदला. एका बारीक भागापायी अख्खा कॉम्प्युटर भंगारात जातो, आणि घरात शिकणाऱ्या पोरांचं काम अडतं ते वेगळंच. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथचं बेअरिंग गेलं म्हणून कुणी लेथ टाकून देत नाही. मग बोर्डाचंच असं का?

माझी पहिली कल्पना अशी होती की सगळंच सुटं करावं. प्रोसेसरची एक पाटी, रॅमची दुसरी, वीज सांभाळणारी तिसरी. जी बिघडेल ती बदलायची. ही कल्पना नवी नाही. १९७५ च्या अल्टेअर कॉम्प्युटरमध्ये अशाच वेगवेगळ्या पाट्या एका रांगेत खोचलेल्या असत. मग ती पद्धत मागे का पडली? उत्तर वेगात आहे. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून संदेश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण १५ सेंटीमीटर जातो. डीडीआर-४ जातीच्या ३२०० वेगाच्या रॅमची एकेक तार सेकंदाला ३२० कोटी बिट पाठवते. म्हणजे एक बिट जेमतेम ५ सेंटीमीटर पुढे गेला, की मागून दुसरा निघालाच! अशा वेळी वाटेत जादा सांधे आणि लांब अंतर आलं की संदेश बिघडतो.

रॅमजवळच्या काही रेषा नागमोडी का असतात, तेही यातूनच कळतं. ती नक्षी नव्हे. जवळच्या वाटेने जाणारा बिट आधी आणि लांबच्या वाटेचा नंतर पोचू नये, म्हणून जवळची वाट मुद्दाम वळणं घालून लांब केलेली असते. म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांना फार लांब करता येणार नाही.

पण सगळेच भाग एवढ्या घाईत नसतात. आवाजाचं, नेटवर्कचं, यूएसबीचं सॉकेट यांचं काम त्या मानाने सावकाश चालतं. माझी दुसरी सूचना इथेच आहे. मागच्या बाजूची ही सॉकेटं एका छोट्या, स्क्रूने बसणाऱ्या पाटीवर असावीत. पावसाळ्याच्या तोंडाला वळीव येतो, वीज कडाडते, आणि बाहेरून आलेल्या केबलमधून झटका आत शिरतो. तेव्हा नेटवर्कचं सॉकेट आणि त्यामागची चिप जायचा धोका मोठा असतो. पाटी सुटी असली तर तेवढीच बदलता येईल. हे अशक्य नाही: २०२१ पासून विकला जाणारा फ्रेमवर्क नावाचा लॅपटॉप सुट्या सॉकेटांचाच आहे.

तिसरी सूचना उष्णतेबद्दल. बोर्डावर डब्यासारखे उभे कपॅसिटर असतात. त्यातल्या द्रवाच्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानाला साधारण निम्मं होतं. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशाला ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास धरले तर जवळपास अकरा वर्षं. महाग बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आणि वीज सांभाळणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमची पट्टी असते. स्वस्त बोर्डावर ती पट्टी बहुतेक वेळा नसते. जो माणूस एकच कॉम्प्युटर दहा वर्षं वापरणार, त्यालाच ती जास्त हवी.

चौथी सूचना भाषेची, म्हणजे आपल्या मंडळाच्या हक्काची! बोर्ड बिघडला की तो सांगतो काय? कधी बीप, कधी नुसताच लाल दिवा. बीपचा अर्थही कंपनीगणिक बदलतो. महाग बोर्डांवर दोन अंकी कोड दाखवणारी छोटी खिडकी असते. तोच शेवटचा कोड एका चिपमध्ये साठवून मोबाईलला केबल लावून वाचता आला, आणि मोबाईलवर मराठीत "रॅम नीट बसलेली नाही" असं उमटलं, तर किती बोर्ड भंगारात जायचे वाचतील! खर्च वाढेल हे खरं. पण खेड्यात दुरुस्तीवाला जवळ नसतो, तिथे हे एक वाक्य मोलाचं आहे.

आता अडचण. चांगली रचना आपोआप चालते असं नाही. आजही बोर्डाचं माप आणि स्क्रूची भोकं १९९५ च्या एटीएक्स मानकाप्रमाणे आहेत: ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर. इंटेलने २००४ मध्ये हवा चांगली खेळवणारं बीटीएक्स आणलं, पण जुन्या पेट्यांचा बाजार एवढा मोठा की ते टिकलं नाही. म्हणून माझ्या सूचना जुन्याच मापात बसणाऱ्या आहेत.

तोवर आपल्या हातात काय? बोर्ड "गेला" म्हणायच्या आधी वीज बंद करून, प्लग काढून तीन गोष्टी बघा. रॅम काढून पुन्हा नीट बसवा. नाण्यासारखी बॅटरी बदला; तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. आणि कुठल्या कपॅसिटरचं डोकं फुगलंय का ते पाहा. फुगला असेल तर तो बदलून देणारा माणूस शोधा. विजेच्या पेटीचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते.

तुमच्या डोक्यात याहून बरी कल्पना असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. इंजिनिअर नसलात तरी चालतंय. वस्तू वापरणाऱ्यालाही प्रश्न विचारायचा हक्क असतो.