आधी परीक्षा, मग धडा

कोर्स बनवायचा म्हटलं की आपण थेट स्लाइड्स उघडतो. मुरलेला इन्स्ट्रक्शनल डिझायनर आधी विचारतो, हे शिकून माणसाला नेमकं काय करता आलं पाहिजे? मग ते जमलं का हे तपासायची रीत ठरवतो. धडे सगळ्यात शेवटी. विगिन्स आणि मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली हाच उलटा क्रम मांडला.

पण तपासणी शिकणं पक्कंही करते, म्हणून मला जास्त भावतो तो रोडिगर-कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२! म्हणून धड्यात मधूनमधून छोटे प्रश्न पेरायचे, शक्यतो बिनगुणांचे. (चकाचक व्हिडिओ नंतर बघू.)