काळी माती, पांढरं बोंड आणि कॅमेरा

शेतात सीतादहीची पूजा झाली की वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते. अकोल्याच्या आसपास कुठल्याही धुऱ्यावर उभं राहून वेचणाऱ्या बायांचा मोबाइलनं फोटो काढून बघा. कापूस चांगला आला, तर चेहरे काळेठिक्कर पडतात. चेहरे नीट आले, तर पऱ्हाटीवर नुसते पांढरे डाग उरतात, बोंडातला एक धागा दिसत नाही. दोष मोबाइलचा नाही. खाली काळी जमीन, वर पांढराशुभ्र कापूस, मध्ये उन्हानं रापलेला चेहरा आणि त्यावर डोक्यावरच्या पदराची सावली, असा हा अवघड पेपर आहे.

कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोर काय आहे हे ओळखत नाही. समोरचं सगळं करडं आहे, अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत देणारं आहे, असं तो धरून चालतो. काळी माती त्याहून बरंच कमी परत देते, कापूस कितीतरी जास्त. म्हणून मातीवर रोखला तर माती राखेसारखी होते, कापसावर रोखला तर कापूस मळका. सिनेमाचा छायाचित्रकार त्यामुळेच हातातला वेगळा मीटर नटाच्या गालाशी नेतो आणि तिथं पडणारा उजेड मोजतो. पदराखालच्या सावलीत थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यानं थोडा उजेड लोटतो. माथ्यावरचं ऊन पातळ करायला वर पांढरं कापड ताणतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना भर दुपारी हे केलं नाही, तर माणसाचे डोळेच दिसत नाहीत, दोन काळे खड्डे दिसतात.

उजेडाशी ही झटापट आपल्या सिनेमाइतकीच जुनी. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्र्यंबक तेलंगांनी दांडा हातानं फिरवत टिपला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग कळत नसे. कपाळावरचं कुंकू काळं उमटे आणि निळं आभाळ पांढरंफटक, त्यात ढग हरवून जात. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला आणि पडद्यावर चित्रकाराची नजर आणली. प्रभात फिल्म कंपनीचे दामले-फत्तेलाल त्यांच्याच तालमीतले. पुढे सगळे रंग जाणणारी फिल्म रुळली. व्ही. अवधूत यांनी टिपलेला प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) त्या काळातला.

वऱ्हाडाला सिनेमा परका नाही. सी.पी.-बेरार सर्किटच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. तिथले प्रभात, चित्रा, श्याम हे चौक टॉकीजच्या नावांनी ओळखले जातात. गाडगेबाबांवर ‘देवकीनंदन गोपाला’ काढणारे राजदत्त धामणगावचे. तरीही इथली जमीन पडद्यावर येते ती बहुतेकदा एकाच रूपात, भेगाळलेली. मला त्या चित्राचा राग येतो. काळी जमीन वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात भेगाळतेच, चांगल्या पावसाच्या वर्षीही. वरची माती भेगांत पडून खालीवर होते, म्हणून काळी स्वतःला नांगरते असं म्हणतात. तिच्या निरोगी स्वभावाला सिनेमानं दुष्काळाची खूण करून टाकलं.

संकट दाखवायचं तर माणसाकडे बघावं लागतं. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) ते घडलं. छायाचित्रण सुधीर पलसाणे यांचं, भाषा वऱ्हाडी, आणि नावातच पावसाला घातलेली शिवी. शेतकरी किसना आभाळाकडे बघतो, त्याची बायको अलका किसनाकडे बघते. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपल्याही नवऱ्याच्या मनात तेच येईल या धास्तीनं ती पोराला बापावर नजर ठेवायला लावते. कॅमेऱ्याचं काम जणू घरातल्या माणसांनी वाटून घेतलंय. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या चेहऱ्यांवर पावसाचा हिशेब वाचता येतो, भेगांची गरज पडत नाही.

यंदा वेचणीची रील काढणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगणं आहे. भर दुपारी जाऊ नका, सकाळी दव उतरल्यावर जा, नाहीतर दिवस कलल्यावर. स्क्रीनवर वेचणारीच्या गालावर बोट दाबून धरा आणि उजेड तिथंच पक्का करा. कापूस थोडा जळाला तर जळू द्या.