जिमखान्याच्या ओसरीवर

ग्रीस देशाच्या उत्तरेस थेस्सालोनिकी नावाचे एक पुरातन बंदर आहे. १९२२ साली आशिया मायनरमध्ये ग्रीकांचा पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी तुर्कस्तान व ग्रीस यांनी धर्माच्या आधारावर लोकसंख्येची अदलाबदल मान्य केली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरेदारे मागे टाकून लक्षावधी निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांतील पुष्कळांनी या बंदराचा आश्रय घेतला. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या मंडळींनी १९२६ साली तेथे ‘पाओक’ हा क्रीडासंघ स्थापन केला. फुटबॉल हा त्याचा मुख्य खेळ असला तरी बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल असे अनेक खेळ त्याच एका छत्राखाली वाढले. संघाचे रंग काळा आणि पांढरा. काळा गमावलेल्या मातृभूमीच्या शोकाचा आणि पांढरा आशेचा, असे तेथील लोक सांगतात. बोधचिन्हावरील द्विमुखी गरुडाने आपले पंख मिटून घेतले आहेत. तुंबा या निर्वासितांच्या वस्तीत १९५९ साली या संघाचे क्रीडांगण उभे राहिले. ज्यांची घरे गेली त्यांनी खेळाच्या मैदानात घर बांधले, असे या संघाच्या इतिहासाविषयी म्हणता येईल.

हा वृत्तांत वाचताना आमचे मन साहजिकच आपल्या बंदराकडे वळले. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, चर्नी रोड ते मरीन लाइन्स या टापूत, ओळीने जिमखाने उभे आहेत. ‘जिमखाना’ हा शब्द ‘गेंदखाना’ या देशी शब्दावरून घडला असे मानतात. साहेबांच्या तोंडी जाऊन तो इतका बदलला की आता आपणही तो त्यांचाच समजतो! पुढे हाच शब्द आमच्या महाविद्यालयांच्या फीच्या पावतीवरही येऊन बसला. परंतु मुंबईच्या या जिमखान्यांचा इतिहास पाहू लागले की एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरते. त्यांची नावे खेळांवरून पडलेली नाहीत, वस्त्यांवरूनही नाहीत. ती धर्मांवरून पडली आहेत.

याला सुरुवात कोणी केली? १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हा केवळ युरोपियनांचा होता. पारश्यांनी १८४८ मध्येच आपला पहिला क्रिकेट क्लब काढला होता, हिंदूंचा क्लब १८६६ मध्ये निघाला. ही सारी मंडळी एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर खेळत. त्याच मैदानावर साहेब लोक घोडे घालून पोलो खेळू लागले आणि टापांनी खेळपट्टीची चाळण होऊ लागली. नेटिव खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. हा झगडा अनेक वर्षे चालला आणि शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने त्याची सविस्तर हकीकत १८९७ साली ग्रंथरूपाने छापून ठेवली. न्याय असा मिळाला की, एकत्र खेळण्याचे मैदान राखण्याऐवजी सरकारने समुद्राकाठची जागा प्रत्येक समाजाला वेगळी तोडून दिली. पारशी जिमखाना १८८५ सालचा, हिंदू जिमखाना १८९४ सालचा. परमानंददास जीवनदास यांचे नाव धारण करणाऱ्या या हिंदू जिमखान्याचे उद्‌घाटन गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते झाले. मुसलमानांचा जिमखानाही याच सुमारास शेजारी उभा राहिला. फोडा आणि झोडा हे सूत्र राज्यकर्त्यांनी कायदेमंडळाच्या कितीतरी आधी क्रीडांगणावर गिरविले, असा आरोप पुष्कळदा होतो आणि तो निराधार नाही. तथापि सारे पाप साहेबांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते का, हे सांगण्यासाठी बाळू पालवणकर यांची कथा पुन्हा सांगितली पाहिजे.

चर्मकार समाजात जन्मलेल्या या मुलाचे वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यास पारश्यांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व दाबण्याच्या कामावर बाळू महिना तीन रुपयांवर लागले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर गेले. जाळी बांधावी, खेळपट्टी तयार करावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेई. या चाकरीतूनच हिंदुस्थानचा पहिला थोर फिरकी गोलंदाज तयार झाला. साहेबांनी त्यांच्या हाती बॅट मात्र दिली नाही. फलंदाजी ही धन्याची मिरास!

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरविण्याची ईर्ष्या होती आणि बाळूंच्या वाचून ते होणे नव्हते. पुष्कळ खल झाल्यावर त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हाताळीत. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना मात्र तंबूबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळ्या पानावर. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे तर्कशास्त्र कोणत्या स्मृतीत सापडते ते आम्हांस ठाऊक नाही!

पुढे बाळू मुंबईस आले, रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या २४२ व १६० धावांना युरोपियनांनी १९१ व १०२ अशी उत्तरे दिली आणि १०९ धावांनी हिंदू जिंकले. बाळूंनी त्या सामन्यात आठ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला असतानाचा हा विजय! त्याचा आनंद क्रिकेटपुरता राहिला नाही आणि अस्पृश्य बंधूंना संघात घेतल्याचे फळ म्हणून सुधारकांनी त्याचा गौरव केला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. त्या पडझडीत बाळूंनी एकट्याने ११४ बळी मिळविले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, अशी नोंद आहे.

इतके झाले तरी कर्णधारपद बाळूंना कधीही मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली आणि त्यांच्याहून कनिष्ठ खेळाडू त्या जागी बसविले गेले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी सामन्यातून अंग काढून घेतले आणि आपली कारणे वृत्तपत्रांतून निर्भीडपणे जाहीर केली. खेळाडूने निवड समितीला अशा रीतीने जाब विचारावा, हे त्या काळी धाडसच होते. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार पै यांनी सामन्यात काही काळ मैदान सोडले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. एका असामान्य कारकिर्दीला समाजाने दिलेला सन्मान एवढाच, आणि तोही जवळजवळ मागील दाराने. १९२३ साली विठ्ठल यांना रीतसर कर्णधार नेमण्यात आले, संघाने स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले.

बाळू पुढे राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. डॉक्टरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्यांनी कर्णधारपद नाकारले त्यांच्यातीलच पुष्कळांना आता उमेदवार म्हणून बाळू हवेसे वाटले, हा योगायोग म्हणावा की काय?

धर्मवार संघांच्या या स्पर्धेचा विस्तार होतच राहिला. पारशी, हिंदू आणि युरोपियन यांच्यात १९१२ साली मुसलमान येऊन चौरंगी सामने झाले, १९३७ साली ‘इतर’ हा संघ आला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. ‘इतर’! सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती म्हणून ते या ‘इतरां’त. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्याने केल्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक २१ धावा करून तासन्‌तास उभे होते. तरीही ‘इतर’ डावाने हरले. तो खेळ पाहणाऱ्या हजारो प्रेक्षकांना हजाऱ्यांचा धर्म आठवला असेल असे आम्हांस वाटत नाही. या सामन्यांत वैमनस्यापेक्षा खेळाचा आनंदच अधिक होता, असे त्यांचे समर्थक म्हणत आणि त्यात तथ्यही होते. परंतु १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास गेले तेव्हा गांधीजींनी खेळातील जातीय विभागणीविषयी आपली नापसंती स्पष्ट शब्दांत सांगितली. जिमखान्याच्या सभासदांनी त्या वर्षी माघारीचा ठराव २८० विरुद्ध २४३ मतांनी संमत केला. केवळ सदतीस मतांचे अंतर! पुढल्याच वर्षी हिंदू संघ पुन्हा मैदानात दिसला. १९४५-४६ चा हंगाम पंचरंगीचा अखेरचा ठरला.

वांकिडीसारख्या सीमेवरच्या गावातील मराठी वाचकाला मरीन ड्राईव्ह दूरचे वाटेल. पंगतीत कोणाचे पान वेगळे मांडले जाते, हा प्रश्न त्याला दूरचा वाटणार नाही. थेस्सालोनिकीच्या निर्वासितांना धर्माच्या नावाने बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या क्रीडासंघाने त्यांना एकत्र आणले. आमच्या जिमखान्यात बाळूंना घेतले ते हिंदू म्हणून आणि बाहेर बसविले तेही हिंदूंनीच.

समुद्राकाठचे ते जिमखाने आजही उभे आहेत. नावे तीच आहेत, खेळाडू मात्र नावांना जुमानीनासे झाले आहेत. सूर्यकुमार यादव मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये पारशी जिमखान्याकडून खेळले.