बिंदू लहान, हिशेब मोठा

कॅमेऱ्यात पिक्सेल जितके बारीक तितका फोटो चांगला, असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. क्ष-किरण टिपणाऱ्या अर्धवाहक स्फटिकाला मात्र हा न्याय सरसकट लावता येत नाही.

समजा, 60 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक क्ष-किरणकण कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकात शोषला गेला. त्यातून सुमारे साडेतेरा हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि विद्युतदाबाने पिक्सेलकडे ओढले जातात. वाटेत हा घोळका पसरतो. पिक्सेल मोठा असला तर सारे एकाच ठिकाणी पोचतात. तो 55 मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा असला, तर काही शेजाऱ्याकडे जातात. एका दमदार कणाऐवजी दोन दुबळ्या कणांची नोंद होते. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच कळते: एका चेकची रक्कम दोन खात्यांत विभागली गेली, तर एकूण बेरीज जुळते, पण दोन्ही पासबुके खोटी ठरतात.

आणि इथे पासबुकालाच महत्त्व आहे. प्रत्येक कणाची ऊर्जा अचूक कळली, तरच रक्तवाहिनीतले आयोडीन कोणते आणि साचलेले कॅल्शियम कोणते, हे डॉक्टरांना वेगळे दिसते.

मग पिक्सेल मोठेच ठेवावेत? तर चित्र भरड होते. शिवाय किरणांचा मारा जोरात असला की एकाच पिक्सेलवर लागोपाठ आलेले दोन कण एकच समजले जातात.

युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत जुळवलेल्या ‘मेडिपिक्स-3’ या चिपने यावर शेजारधर्माचा उपाय काढला. लगतचे चार पिक्सेल आपापला वाटा एकत्र मोजतात आणि सगळी रक्कम सर्वाधिक वाटा असलेल्याच्या नावे टाकतात. या चिपच्या जोरावर न्यूझीलंडमधल्या फिल आणि अँथनी बटलर या पितापुत्रांनी माणसाच्या शरीराची रंगीत त्रिमितीय क्ष-किरण चित्रे घेतली; 2018 मध्ये ती जगापुढे आली. त्यांत मनगट आणि घोटा होता खुद्द वडिलांचा! मात्र अशी बेरीज करायला वेळ लागतो, त्यामुळे मोजणीचा वेग घटतो.

इस्पितळातल्या यंत्राला तो वेग सोडून चालत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये परवानगी मिळालेल्या सीमेन्सच्या कणमोजणी सीटी स्कॅनरचे पिक्सेल म्हणूनच 55 मायक्रॉनचे नाहीत, त्याच्या कितीतरी पट रुंद आहेत.